आई-वडिलांना किंवा जोडीदाराला अमेरिकेत कायमचं न्यायचंय? अर्ज कसा करायचा, कागद कोणते लागतात आणि अडतं कुठे

अमेरिकेतल्या मुलाने किंवा मुलीने आई-वडिलांसाठी, नाहीतर नवीन लग्न झालेल्या जोडीदारासाठी ग्रीन कार्डचा अर्ज करायचं ठरवलं की घरात पहिला प्रश्न निघतो तो वकिलाचा. साध्या सरळ केसला वकील लागतोच असं नाही. नातं खरं आहे, कागद आहेत, पूर्वी कुणी व्हिसाची मुदत संपल्यावर अमेरिकेत राहिलेलं नाही, कुणावर गुन्हा नाही, आधीचा कुठला अर्ज खोट्या माहितीमुळे नाकारला गेलेला नाही, अशा घरातल्या माणसाने सूचना नीट वाचून काम केलं तर ते स्वतःचं स्वतः होतं. यातली एखादी गोष्ट जरी तुमच्याकडे अडत असेल तरी मात्र सल्ल्याचे पैसे वाचवू नका, इमिग्रेशनचं काम करणारा वकील गाठा. 'ओळखीतला एजंट' हा त्याला पर्याय नाही. या अर्जांबद्दल कायदेशीर सल्ला देण्याचा अधिकार वकिलांना आणि अमेरिकेच्या न्याय विभागाने मान्यता दिलेल्या प्रतिनिधींनाच आहे.

माझं सांगणं एकच आहे, आणि ते मी पुढेही पुन्हा पुन्हा सांगणार आहे: आधी कागद, मग फॉर्म. फॉर्म दोन-तीन संध्याकाळी बसून भरून होतात. महिने जातात ते कागदांवरची नावं आणि तारखा एकमेकांशी जुळवण्यात. अर्ज टाकल्यावर ही जुळवाजुळव करायला घेतली, तर अमेरिकेतल्या मुलाची आणि इकडे ग्रामपंचायत, महापालिका, तहसील असे हेलपाटे घालणाऱ्या वडिलांची, दोघांचीही दमछाक होते.

आधी बघा, तुमची रांग कोणती

अमेरिकन नागरिकाचा नवरा किंवा बायको, त्याची २१ वर्षांखालची अविवाहित मुलं, आणि नागरिक स्वतः २१ वर्षांचा झालेला असेल तर त्याचे आई-वडील, हे कायद्याच्या भाषेत जवळचे नातेवाईक. त्यांच्या व्हिशांना वार्षिक कोटा नाही. वेळ लागतो तो कार्यालयीन कामाला, रांगेला नाही.

बाकीच्या नात्यांना रांग आहे. नागरिकाची २१ वर्षांवरची अविवाहित मुलं एफ१ मध्ये, विवाहित मुलं एफ३ मध्ये, भावंडं एफ४ मध्ये येतात. ग्रीन कार्डधारकाचा जोडीदार आणि लहान मुलं एफ२ए मध्ये, मोठी अविवाहित मुलं एफ२बी मध्ये. भावंडांच्या गटाला जगभरासाठी मिळून वर्षाला ६५,००० व्हिसे, आणि कुठल्याही एका देशाच्या वाट्याला एकूण कोट्याच्या ७ टक्क्यांहून जास्त जात नाहीत. याचा अर्थ व्यवहारात काय होतो ते बघा: २०२५ च्या सुरुवातीला भारतातल्या भावंडांपैकी २००६ साली दाखल झालेल्या अर्जांचा नंबर लागत होता. तेव्हा "ताईने अर्ज टाकलाय, दोन-चार वर्षांत जाऊ" या भरवशावर कुणीही नोकरी सोडू नये, शेती विकायला काढू नये, मुलांच्या शाळेचे निर्णय लांबवू नयेत. अर्ज जरूर टाका, पण आयुष्य इथलं म्हणूनच आखा. रांग कुठवर आली ते अमेरिकेचं परराष्ट्र खातं दर महिन्याला 'व्हिसा बुलेटिन'मध्ये जाहीर करतं.

ग्रीन कार्डधारकाला आई-वडिलांसाठी किंवा भावंडांसाठी अर्ज करता येत नाही, त्यासाठी नागरिकत्व लागतं. आणि एक गोष्ट अशी आहे की तिच्यामुळे खरोखर नुकसान होतं: ग्रीन कार्डधारकाच्या विवाहित मुलांसाठी कुठलाही गट नाही. मुलगी एफ२बी च्या रांगेत आहे आणि वडील नागरिक होण्याआधी तिचं लग्न झालं, तर तो अर्ज तिथेच संपतो. घरात स्थळं बघायला सुरुवात झाली असेल तर हे आधी बसून बोला.

आणखी एक. आई आणि वडील यांचे अर्ज दोन वेगळे, फीही दोनदा. आई-वडिलांच्या अर्जात धाकटा भाऊ किंवा बहीण आपोआप येत नाही. अशी सोय रांगेच्या गटांत आहे, जवळच्या नातेवाइकांच्या गटात नाही.

नावांचा तक्ता

आता खऱ्या कामाकडे. आपल्याकडे मधलं नाव म्हणजे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, आणि लग्नानंतर बाईचं मधलं नाव, आडनाव, कित्येक घरांत पहिलं नावसुद्धा बदलतं. अमेरिकन अधिकाऱ्याला ही रीत माहीत असेल असं धरून चालू नका.

एक नमुना घेऊ. आईचं माहेरचं नाव कुसुम विठ्ठल जाधव. गावच्या जन्मनोंदीत नुसतं 'मुलगी', वडील विठ्ठल. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर कुसुम विठ्ठल जाधव. लग्नात नाव ठेवलं वैशाली. आधार आणि पासपोर्टवर वैशाली दत्तात्रय मोरे. मुलाच्या जन्मदाखल्यावर आईच्या नावाच्या रकान्यात 'वैशालीबाई', आडनाव नाहीच. दत्तात्रयचं इंग्रजी स्पेलिंग पासपोर्टवर एक, पॅन कार्डावर दुसरं, शेवटच्या अक्षराचा फरक. आपल्याला ही एकच आई दिसते. फाइल उघडणाऱ्याला मात्र चार बायका दिसतात, आणि त्यातली नेमकी कोण अर्जदाराची आई, हे सिद्ध करायची जबाबदारी तुमची.

म्हणून एक तक्ता करा. डाव्या बाजूला प्रत्येक कागद, पुढे त्यावर जसं छापलंय तसं नाव, इंग्रजी स्पेलिंग, जन्मतारीख, जन्मगाव, वडिलांचं नाव, नवऱ्याचं नाव. मनाने काही दुरुस्त करू नका, कागदावर आहे तसंच उतरवा. तक्ता पुरा झाला की फरक समोर दिसतात. मग एकेका फरकासाठी जोडणारा कागद शोधायचा. माहेरचं आणि सासरचं नाव जोडायला विवाह नोंदणी प्रमाणपत्र, कायदेशीर नावबदल केला असेल तर गॅझेट, आणि त्यातून उरलेल्या फरकांसाठी 'ही दोन्ही नावं एकाच व्यक्तीची' असं प्रतिज्ञापत्र. मूळ नोंद दुरुस्त होण्यासारखी असेल तर प्रतिज्ञापत्रापेक्षा ती दुरुस्ती केव्हाही चांगली. मुलाच्या जन्मनोंदीतलं 'वैशालीबाई' निबंधकाकडे अर्ज करून नीट करून घेता येत असेल तर ते आधी करा. पहिलं नाव कोरं राहिलेलं असेल तर ते घालून घ्या.

जन्माचा दाखला, आणि १ जून

जन्म-मृत्यू नोंदणीचा देशव्यापी कायदा १९६९ चा, लागू झाला १९७० मध्ये. त्याआधी जन्मलेल्यांची नोंद सापडेलच असं नाही, पण शोध घेतल्याशिवाय 'नाही' म्हणू नका. शहरात जन्म असेल तर महापालिकेचा किंवा नगरपालिकेचा जुना विभाग, खेड्यात असेल तर ग्रामपंचायत आणि तहसील कार्यालयाचा अभिलेख कक्ष. जुन्या जन्म-मृत्यूच्या नोंदी गाव नमुना १४ मध्ये असतात, ज्याला लोक कोतवाल बुक म्हणतात. जातीच्या दाखल्यासाठी घरातल्या कुणी ते आधीच काढलेलं असेल, तर चुलत भावंडांकडे चौकशी केल्याने बरेच कष्ट वाचतात.

नोंद नसेलच तर त्या कार्यालयाकडून नोंद आढळत नसल्याचं प्रमाणपत्र घ्या, ते नमुना १० मध्ये मिळतं. त्याला शाळा सोडल्याचा दाखला आणि जन्माबद्दल स्वतः माहिती असलेल्या वडीलधाऱ्या नातेवाइकांची, शक्यतो दोघांची, प्रतिज्ञापत्रं जोडायची. प्रतिज्ञापत्रात नाव, वय, नातं, जन्माची तारीख आणि ठिकाण, आई-वडिलांची नावं, आणि ही माहिती त्यांना कशी आहे, एवढं सगळं यायला हवं. "मी यांना ओळखतो" एवढ्याने भागत नाही. मावशी किंवा आत्या हयात असतील तर हे काम आजच करून ठेवा.

आता जन्म नव्याने उशिरा नोंदवून दाखला घेता येतो, त्याला बंदी नाही. पण अलीकडच्या तारखेच्या नोंदीला अमेरिकन कार्यालय कमी वजन देतं. असा दाखला देणार असाल तर शाळेचा दाखला आणि प्रतिज्ञापत्रं त्याच्यासोबतच द्या, मागितली जाण्याची वाट बघू नका.

आपल्या आजी-आजोबांच्या, आई-वडिलांच्या पिढीत निम्म्या वर्गाचा वाढदिवस १ जूनला असायचा. गुरुजींनी शाळेत नाव घालताना जी तारीख लिहिली ती पासपोर्टपर्यंत आली. मूळ नोंद शोधल्यावर त्यात वेगळी तारीख निघाली, तर ती नोंद लपवून १ जूनवरच दामटायचा मोह होतो. तसं करू नका. एकतर पासपोर्ट दुरुस्त करून घ्या, नाहीतर फरक का पडला याचं सरळ स्पष्टीकरण प्रतिज्ञापत्रात द्या. तारखेतला फरक समजावता येतो. लपवलेला कागद नंतर सापडला तर तो खोटी माहिती ठरतो, आणि त्याची शिक्षा आयुष्यभर आड येऊ शकते.

लग्नाचंही तसंच. साठ-सत्तरच्या दशकातली बहुतेक लग्नं नोंदलेली नाहीत. ती आजही नोंदता येतात. महाराष्ट्राच्या १९९८ च्या कायद्याखाली स्थानिक विवाह निबंधकाकडे अर्ज करायचा, सोबत लग्नपत्रिका किंवा लग्नातला फोटो, तीन साक्षीदार. मिळणारं प्रमाणपत्र नमुना 'ई' मध्ये असतं. अर्जात बाईचं लग्नाआधीचं पूर्ण नाव व्यवस्थित लिहायला विसरू नका, कारण तुमच्या तक्त्यातले दोन तुकडे जोडणारा हाच कागद आहे.

मराठी कागदांचं इंग्रजी भाषांतर जोडायचं. भाषांतर करणाऱ्याने खाली लिहून सही करायची की त्याला दोन्ही भाषा येतात आणि भाषांतर पूर्ण आणि अचूक आहे. त्यावर नोटरीचा शिक्का असायलाच हवा असा नियम नाही. शिक्के, समासातल्या नोंदी, हस्ताक्षरातले शेरे, सगळ्याचं भाषांतर हवं. जिथे वाचता येत नाही तिथे 'अवाचनीय' असं लिहा.

आय-१३०: नात्याचा पुरावा

कागद जुळले की अमेरिकेतल्या व्यक्तीने आय-१३० भरायचा. तो यूएससीआयएस, म्हणजे अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याच्या संकेतस्थळावर खातं उघडून ऑनलाइन भरता येतो. १ एप्रिल २०२४ पासून ऑनलाइन फी ६२५ डॉलर आणि कागदी अर्जाची ६७५ डॉलर ठरली. भरण्याआधी त्या दिवशीची फी अधिकृत पानावर बघा, कारण चुकीच्या फीचा अर्ज तसाच परत येतो.

इथे बरेच जण गोंधळतात. या टप्प्यावर आई-वडिलांच्या जन्माचा दाखला लागत नाही, लागतो तो तुमचा स्वतःचा, कारण तुम्ही त्यांचं अपत्य आहात हे सिद्ध करायचं आहे. आईसाठी: तुमच्या जन्माचा दाखला ज्यावर आईचं नाव आहे, आणि तुमच्या नागरिकत्वाचा पुरावा. वडिलांसाठी त्यात आई-वडिलांच्या लग्नाचं प्रमाणपत्र वाढतं. भावंडांसाठी दोघांचे जन्मदाखले, दोन्हींवर सामाईक पालकाचं नाव. आई-वडिलांचे स्वतःचे दाखले पुढच्या टप्प्यात लागतात, पण तेव्हा शोधायला निघालात तर उशीर होतो.

जोडीदाराच्या अर्जात विवाह प्रमाणपत्र, दोघांचे पासपोर्ट आकाराचे अमेरिकन मापाचे फोटो, आय-१३०ए हा पुरवणी फॉर्म, आणि कुणाचं आधी लग्न झालं असेल तर घटस्फोटाचा हुकूमनामा किंवा मृत्यूचा दाखला. त्याहून महत्त्वाचा मुद्दा म्हणजे लग्न खरं आहे हे दिसलं पाहिजे. ठरवून केलेल्या लग्नात दोघांची ओळख थोड्या दिवसांची असते, आणि ते पाहून अधिकाऱ्याच्या मनात शंका येऊ शकते. त्यावर उपाय म्हणजे सगळी हकीगत साध्या शब्दांत एका पानावर लिहून देणं: स्थळ कुणी सुचवलं, कांदेपोहे कुठे झाले, घरचे कधी भेटले, साखरपुडा कधी, लग्न कधी, नंतर एकत्र किती राहिलात, रोज कसं बोलता. सोबत पत्रिका, दोन्हीकडच्या माणसांसह लग्नातले फोटो, प्रवासाची तिकिटं, एकत्र खातं किंवा विम्यातलं वारसाचं नाव. शेकडो पानांच्या चॅटपेक्षा वेगवेगळ्या महिन्यांतली निवडक पानं जास्त उपयोगी.

अर्ज पोहोचल्यावर आय-७९७ ही पोच येते. त्यावरचा पावती क्रमांक म्हणजे तीन इंग्रजी अक्षरं आणि दहा आकडे, शोधताना तोच लागतो. अर्ज पोहोचल्याची तारीख ही तुमची प्रायॉरिटी डेट. रांगेतल्या गटांसाठी सगळा हिशेब तिच्यावर चालतो, म्हणून ही पोच स्कॅन करून दोन ठिकाणी ठेवा.

जादा पुरावा मागणारं पत्र आलं तर घाबरू नका, पण उत्तर एकदाच आणि एकत्र द्यायचं असतं हे लक्षात ठेवा. आज अर्धं, पुढच्या महिन्यात अर्धं, असं चालत नाही.

दरम्यान आई-वडिलांना पर्यटक व्हिशावर बोलवायचं असेल तर त्या व्हिशाच्या डीएस-१६० या फॉर्ममध्ये "तुमच्यासाठी कुणी इमिग्रंट अर्ज केला आहे का" हा प्रश्न येतो. उत्तर 'हो' आहे. ते 'हो'च लिहा. त्यामुळे पर्यटक व्हिसा नाकारला जाऊ शकतो, कारण परत येण्याचा इरादा पटवायचा असतो. पण 'नाही' लिहून मिळवलेला व्हिसा पुढे ग्रीन कार्डच आडवतो.

एनव्हीसी

आय-१३० मंजूर झाला की फाइल न्यू हॅम्पशायरमधल्या नॅशनल व्हिसा सेंटरकडे जाते. मुंबईच्या केसचा क्रमांक इंग्रजी बी-एम-बी या अक्षरांनी सुरू होतो. त्यासोबत इन्व्हॉइस क्रमांक येतो. हे दोन्ही वापरून सीईएसी या पोर्टलवर लॉगिन करायचं. आधी फी: हमीपत्राच्या तपासणीसाठी १२० डॉलर आणि जाणाऱ्या प्रत्येकाच्या व्हिसा अर्जासाठी ३२५ डॉलर. फी जमा व्हायला काही दिवस लागतात, त्यानंतरच फॉर्म उघडतो.

या फाइलकडे वर्षानुवर्षं दुर्लक्ष करू नका. व्हिसा उपलब्ध असल्याची सूचना मिळाल्यावर वर्षभरात काहीच हालचाल केली नाही तर केस रद्द होऊ शकते. वडिलांची तब्येत बरी नाही, घराचा व्यवहार पूर्ण व्हायचाय, अशा कारणाने थांबायचं असलं तरी वर्षातून एकदा एनव्हीसीला पोर्टलवरून संदेश पाठवा आणि त्याची प्रत ठेवा.

आय-८६४, म्हणजे पैशांची हमी

अमेरिकेतून अर्ज करणाऱ्याने आय-८६४ हे हमीपत्र भरून सांगायचं असतं की येणाऱ्या माणसाचा भार सरकारवर पडणार नाही. उत्पन्न अमेरिकेच्या गरिबी रेषेच्या निदान १२५ टक्के हवं. हिशेबात तुम्ही, तुमच्यावर अवलंबून असलेले, आणि येणारे, सगळे धरायचे. नवरा, बायको, एक मूल आणि येणारे आई-वडील म्हणजे पाच जण. २०२५ च्या तक्त्यानुसार अलास्का आणि हवाई सोडून बाकी राज्यांत पाच जणांसाठी ही रक्कम वर्षाला ४७ हजार डॉलरच्या आसपास येते. तक्ता दरवर्षी बदलतो, त्यामुळे भरताना चालू वर्षाचाच घ्या.

उत्पन्न कमी पडलं तर घरातल्या कमावत्या माणसाचं उत्पन्न आय-८६४ए भरून जोडता येतं, किंवा अमेरिकेत राहणारा दुसरा नागरिक अथवा ग्रीन कार्डधारक संयुक्त हमीदार होऊ शकतो. मालमत्ताही धरता येते, अगदी आई-वडिलांचा इथला फ्लॅटसुद्धा, पण तो वर्षभरात पैशांत रूपांतरित होण्यासारखा हवा आणि आई-वडिलांच्या केसमध्ये त्याची किंमत कमी पडणाऱ्या रकमेच्या पाचपट हवी. करपत्रकाऐवजी आयआरएसचा, म्हणजे अमेरिकेच्या कर खात्याचा, टॅक्स ट्रान्सक्रिप्ट (करपत्रकाचा अधिकृत उतारा) जोडा, तो मोफत मिळतो आणि त्यावर शंका घेतली जात नाही.

संयुक्त हमीदार म्हणून मित्राला गळ घालण्याआधी त्याला हे स्पष्ट सांगा: ही सही म्हणजे करार आहे. ती बांधिलकी येणारा माणूस नागरिक होईपर्यंत, किंवा त्याच्या नावावर कामाच्या ४० तिमाही जमा होईपर्यंत, किंवा तो देश कायमचा सोडेपर्यंत अथवा वारेपर्यंत टिकते. घटस्फोटाने ती सुटत नाही. हे न सांगता सही घेणं बरोबर नाही.

डीएस-२६०

हा व्हिशाचा अर्ज, जाणाऱ्या प्रत्येकाचा स्वतःचा फॉर्म. मुलगा तिकडून भरून देतो, पण माहिती आई-वडिलांची असते, म्हणून व्हिडिओ कॉलवर सोबत बसून भरा. वयाच्या १६ व्या वर्षापासूनचे सगळे पत्ते यात लागतात. वडील एसटीत किंवा बँकेत होते आणि दर तीन वर्षांनी बदली झाली, तर ही यादी लांबते. पंढरपूरला भाड्याची खोली, मग संगमनेर, मग क्वार्टर. घर क्रमांक आठवणार नाहीत, चालतं. गाव, तालुका, महिना-वर्ष जितकं खरं आठवतं तितकं लिहा. सेवापुस्तक घरात असेल तर बदल्यांच्या तारखा त्यातून मिळतात.

सगळी मुलं लिहायची. लग्न होऊन गेलेली मुलगी, लहानपणी वारलेलं मूल, कुणालाही गाळायचं नाही. मागच्या पाच वर्षांतली समाजमाध्यमांवरची खाती लिहायची, वडिलांचं फेसबुक खातं नातवाने उघडून दिलेलं असलं तरी ते त्यांचंच. एकदा सही करून पाठवलेला फॉर्म आपण होऊन उघडता येत नाही, म्हणून पाठवण्याआधी त्याची प्रत काढून तक्त्याशी ताडून बघा.

पोलिसांचा दाखला, म्हणजे पीसीसी, पासपोर्ट सेवा पोर्टलवरून अर्ज करून मिळतो, फी ५०० रुपये. १६ वर्षांवरच्या प्रत्येकाला लागतो. नोकरीनिमित्त आखातात किंवा दुसऱ्या देशात वर्षभर किंवा जास्त राहिलेल्यांना त्या देशाचाही लागतो, आणि तो मिळवायला सगळ्यात जास्त वेळ जातो, त्यामुळे ते काम आधी सुरू करा.

सगळं अपलोड होऊन तपासून झालं की कागदपत्रं पूर्ण असल्याचा संदेश येतो. त्यानंतर मुलाखतीच्या तारखेची वाट.

मेडिकल

ही तपासणी कुठल्याही डॉक्टरकडे चालत नाही, दूतावासाच्या यादीतल्या डॉक्टरांकडेच करावी लागते. पासपोर्ट, मुलाखतीचं पत्र, लसीकरणाच्या नोंदी, चालू औषधांची यादी न्या. मोठ्या माणसांच्या छातीचा एक्स-रे काढतात. पूर्वी क्षयरोग होऊन बरा झाला असेल तर त्याचे डाग एक्स-रेत दिसतात, आणि मग थुंकीची तपासणी आणि कल्चर होतं, त्याला साधारण दोन महिने लागतात. हा नकार नसतो, उशीर असतो. जुन्या उपचारांचे कागद आणि जुने एक्स-रे असतील तर सोबत न्या. मधुमेह, रक्तदाब, बायपास यांमुळे व्हिसा जाईल अशी भीती अनेकांना असते. असे आजार लपवू नका, चालू उपचारांचे कागद दाखवा.

मुंबईची मुलाखत

मुलाखत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या अमेरिकन वाणिज्य दूतावासात होते. मोबाइल आणि मोठ्या बॅगा आत नेता येत नाहीत, त्यामुळे सोबत कुणाला तरी बाहेर थांबायला न्या. अमेरिकेतल्या मुलाने हजर राहण्याची गरज नसते. अपलोड केलेल्या प्रत्येक कागदाची मूळ प्रत हवी. फाइल तक्त्याच्या क्रमाने लावा, म्हणजे आईला मागितलेला कागद पटकन काढता येतो.

इंग्रजी बोलता येत नसेल तर मराठीत बोला. तुटक इंग्रजीत "येस येस" म्हणून न समजलेल्या प्रश्नाला होकार देण्यापेक्षा ते कितीतरी सुरक्षित. प्रश्न साधे असतात: मुलगा काय करतो, कुठे राहतो, तुम्हाला मुलं किती, पूर्वी अमेरिकेत गेला होता का, किती दिवस राहिलात. यातला शेवटचा प्रश्न जड आहे. मुदतीनंतर १८० दिवसांहून जास्त राहून परत गेलेल्याला तीन वर्षांची, वर्षभर किंवा जास्त राहिलेल्याला दहा वर्षांची बंदी लागू शकते. असं झालेलं असेल तर मुलाखतीच्या आधी वकिलाशी बोलणं झालेलंच असलं पाहिजे.

आई-वडिलांची उत्तरं पाठ करून घेऊ नका. फॉर्ममध्ये काय लिहिलंय ते एकदा मोठ्याने वाचून दाखवा, तेवढं पुरतं. बऱ्याच घरांत हे वाचताना "अरे, तारीख चुकली" असं निघतं, आणि मुलाखतीच्या आधी ती सांगून दुरुस्त करता येते.

२२१(जी) असं लिहिलेला कागद हाती आला तर तो बहुधा अपुऱ्या कागदासाठी किंवा पुढच्या तपासणीसाठी असतो. काय मागितलंय ते वाचा, सांगितलेल्या मार्गाने तेवढंच पाठवा. व्हिसा लागलेला पासपोर्ट हातात येईपर्यंत तिकीट काढू नका, घर रिकामं करू नका.

व्हिसा मिळाल्यावर

निघण्याआधी यूएससीआयएसची इमिग्रंट फी ऑनलाइन भरा. एप्रिल २०२४ पासून ती २३५ डॉलर आहे, आणि ती भरल्याशिवाय कार्ड छापलं जात नाही. सीलबंद पाकीट दिलं असेल तर ते फोडायचं नाही, विमानतळावरच्या अधिकाऱ्याकडेच द्यायचं. पासपोर्टवरच्या व्हिशावर प्रवेशाचा शिक्का बसला की तो एक वर्ष ग्रीन कार्डसारखा चालतो, त्यामुळे कार्ड टपालाने यायला उशीर झाला तरी काळजी नको.

लग्नाला दोन वर्षं होण्याआधी जोडीदार पोहोचला तर कार्ड सशर्त आणि दोन वर्षांचंच मिळतं. ते संपण्याआधीच्या ९० दिवसांत आय-७५१ भरून अट काढून घ्यावी लागते. ही तारीख दोघांनीही आपापल्या कॅलेंडरवर लिहा.

आई-वडिलांच्या आरोग्य विम्याचा विचार तिकिटाच्या आधी करा. ६५ वर्षांवरच्या ग्रीन कार्डधारकाला मेडिकेअर हा सरकारी आरोग्य विमा विकत घेण्यासाठी आधी सलग पाच वर्षांचं वास्तव्य लागतं. तोवर 'मार्केटप्लेस' या सरकारी विमा पोर्टलवरचा किंवा थेट खासगी विमा घ्यायचा. परदेशातून राहायला आलेल्यांना मार्केटप्लेसमध्ये नाव घालायला ६० दिवसांची खास मुदत मिळते, ती चुकवू नका. इथल्या बँकेला निवासी दर्जा बदलल्याचं कळवा. भारतातल्या सगळ्या खात्यांची बेरीज वर्षात कधीही १० हजार डॉलरवर गेली तर अमेरिकेत त्याची माहिती दरवर्षी द्यावी लागते. निवृत्तिवेतन घेणाऱ्यांनी नोव्हेंबरचा हयातीचा दाखला परदेशातून कसा द्यायचा ते निघण्याआधीच बँकेत विचारून घ्या.

आणि कार्ड मिळाल्यावर सहा महिने इथे, सहा महिने तिथे असा बेत पुष्कळ आई-वडिलांचा असतो. ग्रीन कार्ड त्यासाठी नाही, ते अमेरिकेत राहण्यासाठी आहे. सहा महिन्यांहून जास्त बाहेर राहिलं की परतताना प्रश्न विचारले जातात, आणि वर्षाच्या वर गेलं तर नुसत्या कार्डावर परत येता येत नाही. आजारपण किंवा घराचा व्यवहार यामुळे जास्त काळ भारतात राहावं लागेल असं आधीच दिसत असेल, तर निघण्याआधी आय-१३१ भरून री-एंट्री परमिटचा, म्हणजे परत प्रवेशाच्या परवान्याचा, अर्ज करा. हा अर्ज करताना माणूस अमेरिकेतच असावा लागतो, भारतात पोहोचल्यावर तो करता येत नाही.